औषधाचा पत्ता

१९९७ सालच्या श्रावणातली गोष्ट. मी तेव्हा सांगलीत औषधांच्या एका होलसेल दुकानात हिशेब लिहीत होते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन गावी राहत होते. त्यांना तरुणपणापासून दमा होता. पावसाळा लागला की छातीत घरघर सुरू व्हायची. साल्ब्युटामॉलच्या गोळ्या आणि त्याचाच तोंडात ओढायचा पंप यांवर त्यांचे वर्ष निघायचे. त्या वर्षी त्यांना धडधड होऊ लागली, हात थरथरू लागले. पेन्शनच्या कागदावरची सहीसुद्धा वाकडी यायला लागली. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तपासले, रक्तदाब वाढलेला निघाला आणि त्यांनी एक गोळी लिहून दिली. दम्याचे औषध दुसऱ्याच डॉक्टरांकडे चालू होते. इकडे त्याबद्दल कोणी विचारले नाही आणि अण्णांनीही सांगितले नाही. "दम्याच्या डॉक्टरांना दम्याचं सांगायचं, बीपीच्या डॉक्टरांना बीपीचं," असा त्यांचा सरळ हिशेब होता.

चिठ्ठी माझ्याकडे आली. आमच्या दुकानात ती गोळी खरेदीच्या भावात मिळायची, म्हणून मीच दोन पट्ट्या घेऊन शनिवारी गावी गेले. अण्णांनी रविवारी सकाळी एक गोळी घेतली, संध्याकाळी दुसरी. रात्री दम लागला. नेहमीसारखा पंप ओढला, पुन्हा ओढला. काही फरक पडेना. पंप संपला असावा अशी त्यांनी खूण केली. मी हलवून पाहिला, तो भरलेला होता.

शेजारच्यांच्या जीपमधून त्यांना सांगलीला आणले. ऑक्सिजन, इंजेक्शने, तोंडाला मास्क लावून दुसऱ्याच एका औषधाची वाफ. पहाटे श्वास लागी लागला. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी अण्णांची सगळी औषधे मागवली, पंप आणि ती पट्टी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "ताई, हा पंप जे दार उघडतो, त्याच दाराला ही गोळी कडी घालते."

पट्टीवर नाव होते प्रोप्रॅनोलॉल. ती मीच आणली होती.

हे दार म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. शरीरशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला सुटलेला. पण औषधांच्या दुकानात पाठ्यपुस्तके येतात, प्रतिनिधी जुनी अंके टाकून जातात, आणि कोणी शिकवणारे नसले तरी शब्दकोश असतो. गेल्या अठ्ठावीस वर्षांत त्या दाराबद्दल जे वाचले, समजून घेतले, ते येथे मांडते आहे. इंग्रजीत त्याला रिसेप्टर म्हणतात. मराठीत ग्राही हा शब्द आहे, तोच वापरते.

तिसरी वस्तू

ग्राहीची कल्पना निघाली ती विषांच्या अभ्यासातून. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँग्ली १८७० च्या दशकात मांजराच्या लाळेवर प्रयोग करत होते. पायलोकार्पीन दिले की लाळ सुटते, अ‍ॅट्रोपीन दिले की थांबते. पण अ‍ॅट्रोपीननंतर पायलोकार्पीनची मात्रा वाढवली की लाळ पुन्हा सुटते. म्हणजे एकाने दुसऱ्याचा नाश केलेला नव्हता. दोघे कोणत्या तरी एकाच जागेसाठी भांडत होते आणि ज्याचे संख्याबळ जास्त, त्याची सरशी होत होती. अशी जागा असावी, असे लँग्लींनी १८७८ साली लिहिले.

१९०५ साली त्यांनी याहून नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबड्याला निकोटीन टोचले की त्याचे काही स्नायू ताठ होतात. त्या स्नायूंकडे जाणारी मज्जातंतू कापून तिची टोके पूर्ण झडून जाऊ दिली, तरी निकोटीनने स्नायू ताठ होतच होता. म्हणजे निकोटीन मज्जातंतूवर काम करत नव्हते. मग क्युरारे हे दक्षिण अमेरिकेतले बाणाचे विष दिले. आता निकोटीनचा परिणाम मंदावला किंवा थांबला. पण त्याच स्नायूला विजेचा धक्का दिला, तर तो आकुंचन पावत होता. म्हणजे क्युरारेने स्नायूचे आकुंचनाचे यंत्रही बिघडवले नव्हते. मज्जातंतू नाही आणि आकुंचन पावणारा भागही नाही. मग निकोटीन आणि क्युरारे ज्यावर जाऊन बसत होते, ती तिसरीच काही वस्तू असली पाहिजे. लँग्लींनी तिला 'ग्रहण करणारा पदार्थ' म्हटले.

मला या प्रयोगाचे अप्रूप आहे ते त्यातल्या वजाबाकीमुळे. हिशेबनिसाला ही रीत ओळखीची असते. जमा आणि खर्च दोन्ही तपासून झाले आणि तरी फरक उरला, तर तो फरक खोटा नसतो. कुठे तरी एक नोंद आहे जी आपल्याला दिसलेली नाही.

त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले होते. विषद्रव्ये आणि रंगद्रव्ये विशिष्ट पेशींनाच का चिकटतात, याचा विचार करताना पेशीवर पकड घेणाऱ्या बाजूच्या साखळ्या असाव्यात, असे त्यांनी मांडले. जे चिकटत नाही ते काम करत नाही, हे त्यांच्या विचाराचे सार. तरीही पुढची अनेक वर्षे बहुतेक शास्त्रज्ञांना ग्राही ही सोयीसाठी केलेली कल्पना वाटत होती. इंग्लंडचे ए. जे. क्लार्क यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत बेडकाच्या हृदयावर मोजमापे करून दाखवले, की परिणाम घडवायला औषधाचे इतके थोडे रेणू पुरतात की त्यांनी पेशीच्या पृष्ठभागाचा अगदी लहानसा भागच झाकला जाईल. औषध पेशीला सगळीकडून भिजवत नाही. मोजक्या ठिकाणी लागते. पण ती ठिकाणे अजून कोणी पाहिली नव्हती.

एक दूत, दोन दारे

अण्णांचे दार ज्या कुळातले, ते अ‍ॅड्रिनलीनचे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून हे संप्रेरक रक्तात येते. साप दिसला, कुत्रा अंगावर आला, की ते सुटते. हृदय जोरात धावू लागते, श्वासनलिका रुंदावतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, स्नायूंच्या रक्तवाहिन्या सैल होतात. येथेच घोळ होता. एकच द्रव्य एका ठिकाणी आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल सोडते, हे कसे? अमेरिकेचे वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी आर्तुरो रोझेनब्लूथ यांचे म्हणणे असे, की दूतच दोन प्रकारचे तयार होत असावेत, एक उत्तेजित करणारा आणि एक थोपवणारा. त्यांच्या नावाला वजन होते आणि हे मत बराच काळ चालले.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयातले रेमंड आल्क्विस्ट पाळीच्या वेदनांवर गर्भाशय सैल करणारे औषध शोधत होते. त्यांनी अ‍ॅड्रिनलीनच्या कुळातली सहा द्रव्ये घेतली आणि प्रत्येक अवयवावर ती क्रमाने लावून पाहिली: कोणते सर्वांत प्रभावी, कोणते त्याखाली, कोणते सर्वांत क्षीण. त्यांची अपेक्षा असणार की प्रत्येक अवयवाचा क्रम निराळा निघेल. पण क्रम निघाले दोनच. रक्तवाहिन्या आवळण्यासारख्या कामांत अ‍ॅड्रिनलीन अव्वल आणि आयसोप्रिनलीन शेवटी. हृदय जोरात चालवणे, रक्तवाहिन्या सैल करणे या कामांत मात्र आयसोप्रिनलीन अव्वल आणि नॉरअ‍ॅड्रिनलीन खाली. दूत दोन नव्हते. दारे दोन होती. आल्क्विस्टनी त्यांना अल्फा आणि बीटा अशी साधी नावे दिली.

हा लेख औषधशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने परत पाठवला. १९४८ साली तो शरीरक्रियाशास्त्राच्या दुसऱ्या नियतकालिकात छापून आला आणि कित्येक वर्षे त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. गंमत म्हणजे आल्क्विस्ट स्वतःही ग्राही ही खरी वस्तू आहे असे छातीठोकपणे म्हणत नसत. दिसलेले परिणाम समजावून सांगण्यासाठी बांधलेली ती एक कल्पना आहे, असे ते पुढेही लिहीत राहिले. मला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो. जेवढे मोजले तेवढेच त्यांनी सांगितले. आणि तेवढ्यावर दुसऱ्या माणसाला औषध बनवता आले.

कडी घालणारा माणूस

तो दुसरा माणूस जेम्स ब्लॅक, स्कॉटलंडचा. ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवत होते. हृदयशूळाच्या रुग्णांचा ते विचार करत होते. त्या काळी सगळ्यांचा प्रयत्न हृदयाला रक्ताचा आणि प्राणवायूचा पुरवठा वाढवण्याकडे. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला: पुरवठा वाढत नसेल तर मागणी का कमी करू नये? चिंता, धावपळ यांनी अ‍ॅड्रिनलीन सुटते, हृदय जोरात चालते आणि जास्त प्राणवायू मागते. ती हाक हृदयाला ऐकूच आली नाही तर? आल्क्विस्ट यांचे दोन दारांचे प्रकरण १९५४ साली एका पाठ्यपुस्तकात आले होते, ते ब्लॅक यांच्या वाचनात आले. हृदयावरचे दार बीटा. म्हणजे बीटावर जाऊन बसेल, पण ते उघडणार नाही, असा रेणू हवा.

१९५८ साली ते आयसीआय या कंपनीत या कामासाठी गेले. त्याच वर्षी अमेरिकेत आयसोप्रिनलीनमध्ये थोडा बदल करून केलेले एक द्रव्य बीटा ग्राही अडवते, असे प्रसिद्ध झाले होते. पण ते दाराला कडी घालता घालता स्वतःच दार थोडे ढकलतही होते. ब्लॅक यांच्या गटाने आधी प्रोनेथॅलॉल केले. माणसांवर त्याचा उपयोग दिसला, पण उंदरांमध्ये गाठी आढळल्या आणि ते मागे पडले. त्यानंतर आले प्रोप्रॅनोलॉल. १९६० च्या दशकाच्या मध्यास ते रुग्णांपर्यंत पोचले आणि हृदयशूळ, रक्तदाब, हृदयाची अनियमित लय यांच्या उपचाराचे चित्र पालटले. माझ्या वडिलांचा जीव धोक्यात घालणाऱ्या या गोळीने असंख्य माणसांचे आयुष्य वाढवले आहे, हे येथे लिहिले नाही तर लेख अप्रामाणिक होईल.

याच रोगावर आपल्याकडे आधी काय झाले होते, तेही पाहण्याजोगे आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचा वाढलेल्या रक्तदाबावरचा गुण आकडेवारीनिशी मांडला. सर्पगंधेतले रेसर्पीन ग्राहीला हात लावत नाही. ते मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअ‍ॅड्रिनलीनचा साठाच रिकामा करते. पोस्टमनची पिशवी रिकामी केली की कोणाच्याच घरी पत्र जात नाही. मेंदूतल्या घरांनाही नाही. त्यामुळे काही रुग्णांना सुस्ती आणि उदासी येई. ब्लॅक यांची वाट निराळी होती. पत्रे निघू द्यायची, फक्त ठरावीक पेट्यांची तोंडे झाकायची. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. आल्क्विस्ट आणि ब्लॅक यांना तोच १९७६ साली. ब्लॅक यांनी पुढे पोटातल्या आम्लासाठी हिस्टॅमिनचा एक ग्राही याच रीतीने अडवला, त्यातून सिमेटिडीन आले, आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले.

हृदय आणि श्वासनलिका

बीटाचे दार फक्त हृदयावर असते तर अण्णांना काही झाले नसते. ते श्वासनलिकांवरही असते. तेथे अ‍ॅड्रिनलीन पोचले की नळीभोवतीचा स्नायू सैल होतो आणि हवा सुटते. निरोगी माणसाचे ते दार बंद केले तरी त्याला बहुधा जाणवत नाही. दमेकऱ्याच्या नळ्या मात्र आधीच आवळण्याच्या बेतात असतात. १९६४ सालीच, म्हणजे प्रोप्रॅनोलॉल नवे असतानाच, ते दमेकऱ्यांना घातक ठरू शकते हे लॅन्सेटमध्ये छापून आले होते. अण्णांच्या पट्टीच्या तेहतीस वर्षे आधी.

१९६७ साली लँड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आल्क्विस्ट यांचीच क्रम लावण्याची रीत वापरून दाखवले, की बीटा हेही एक दार नसून दोन आहेत. हृदयावर प्रामुख्याने बीटा-१, श्वासनलिकांवर बीटा-२. त्यानंतर शोध सुरू झाला फक्त बीटा-२ उघडणाऱ्या औषधाचा आणि फक्त बीटा-१ अडवणाऱ्या औषधाचा. पहिल्यातून १९६९ साली साल्ब्युटामॉल आले, म्हणजे अण्णांचा पंप. दुसऱ्यातून अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल आली. मात्र ही निवड शंभर टक्के नसते. मात्रा वाढली की साल्ब्युटामॉल हृदयाच्या दारावरही थाप मारते. शिवाय हृदयावर थोडे बीटा-२ असतातच आणि हाताच्या स्नायूंवरही असतात. धडधड आणि हातांचा कंप हे त्याचे माहीत असलेले परिणाम आहेत.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले. अण्णांचा रक्तदाब खराच वाढलेला असेल. पण जी धडधड, जो कंप घेऊन ते तालुक्याला गेले, तो बहुधा त्यांच्या दम्याच्या गोळ्यांचाच होता. त्या कंपावर मिळालेली गोळी दोन्ही बीटा अडवणारी. म्हणजे एका औषधाच्या सावलीला रोग समजून दुसरे औषध दिले गेले, आणि त्याने पहिल्याचे काम बंद पाडले. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या.

त्या रात्री मास्कमधून दिलेले औषध होते इप्राट्रोपियम. ते बीटाच्या वाटेला जातच नाही. श्वासनलिका आवळण्याची आज्ञा अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा दुसरा दूत आणतो. इप्राट्रोपियम त्याचा ग्राही अडवते. हे औषध अ‍ॅट्रोपीनपासून बनवलेले आहे, त्याच अ‍ॅट्रोपीनपासून ज्याने लँग्लींच्या मांजराची लाळ थांबवली होती. धोत्र्यात त्याच जातीची द्रव्ये असतात. दम्यावर धोत्र्याचा धूर ओढण्याची आपल्याकडची जुनी रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासहून इंग्लंडात गेली. धोत्रा विषारी आहे, कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये. पण ओढणाऱ्यांना गुण का येत असे, ते ग्राहीमुळे कळते.

दाराच्या आत

बाहेर थाप पडली, पण आत काम कोण करते? अ‍ॅड्रिनलीन स्वतः पेशीच्या आत जात नाही. क्लीव्हलंड येथे अर्ल सदरलँड यांनी १९५० च्या दशकात यकृताच्या पेशी फोडून, त्यांचे पटल वेगळे करून त्यावर अ‍ॅड्रिनलीन टाकले. त्यातून उष्णतेने न बिघडणारे एक लहानसे द्रव्य निघाले. ते एकटेच, अ‍ॅड्रिनलीनविना, पेशीच्या उरलेल्या रसाला कामाला लावत होते. हे चक्रीय एएमपी. बाहेरचा दूत दारात निरोप देतो आणि आत धावतो तो हा दुसरा दूत. सदरलँड यांना १९७१ साली नोबेल मिळाले.

दार आणि आतला दूत यांच्यामध्ये आणखी एक मध्यस्थ निघाला. मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांनी शोधलेले हे जी-प्रथिन. ग्राहीवर अ‍ॅड्रिनलीन बसले की ग्राहीचा आकार बदलतो, आतल्या बाजूला टेकलेले जी-प्रथिन जागे होते, ते एका विकराला चालना देते आणि तो विकर चक्रीय एएमपी बनवू लागतो. प्रत्येक पायरीवर एकाचे अनेक होतात. म्हणून रक्तातले अगदी थोडे अ‍ॅड्रिनलीन अख्ख्या शरीराला हलवते.

मला सर्वांत चकित केले ते पुढच्या गोष्टीने. हृदयात बीटाचे दार वाजले की चक्रीय एएमपी वाढते आणि स्नायू जोराने आकुंचन पावतो. श्वासनलिकेत बीटाचे दार वाजले की तेच चक्रीय एएमपी वाढते आणि स्नायू सैल पडतो. निरोप तोच, घर वेगळे म्हणून अर्थ उलटा. आतड्यात हाच निरोप पाणी बाहेर सोडायला सांगतो. पटकीचे जंतू जे विष सोडतात, त्याचे अस्तित्व कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले. पुढे कळले की ते विष आतड्याच्या पेशीतल्या जी-प्रथिनाला चालू स्थितीतच अडकवून ठेवते. बंद न होणाऱ्या नळासारखे पाणी वाहत राहते. पंढरीच्या वारीत एके काळी ज्या पटकीने माणसे दगावली, तिची आणि अण्णांच्या पंपाची पेशीच्या आतली यंत्रणा एकच. शरीराची शब्दसंपत्ती थोडी आहे. तेच शब्द ते जागोजागी वापरते.

शेवटी दिसले

ग्राही कल्पनेतून वस्तूत आला तो सावकाश. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठात रॉबर्ट लेफकोविट्झ यांनी किरणोत्सारी खूण लावलेले रेणू वापरून ग्राही मोजले, मग पेशीपटलातून वेगळे काढले. १९८६ साली बीटा-२ चा जनुक वाचला गेला तेव्हा त्याचे साम्य डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनशी निघाले. दोन्ही प्रथिने पेशीपटलातून सात वेळा आत-बाहेर ओवलेली. प्रकाश आणि अ‍ॅड्रिनलीन यांना ओळखणारी दारे एकाच कुळातली होती. मानवी जनुकसंचात या कुळाचे सुमारे ८०० सदस्य आहेत, त्यांतले जवळपास निम्मे वास ओळखणारे. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधांचा पत्ता याच कुळात आहे.

लेफकोविट्झ यांच्याकडे काम केलेले ब्रायन कोबिल्का यांनी स्टॅनफर्डमध्ये २००७ साली बीटा-२ ची रचना दाखवली आणि २०११ साली दार उघडे असताना, जी-प्रथिन हातात धरलेल्या स्थितीत. हा रेणू सतत चुळबुळ करतो. त्याला स्थिर धरायला लामा या प्राण्यापासून मिळवलेल्या प्रतिपिंडाचा तुकडा वापरावा लागला. २०१२ साली दोघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लँग्लींच्या कोंबड्यापासून १०६ वर्षांनी ही तिसरी वस्तू काम करताना दिसली. त्या चित्राने कुलूप-किल्लीची उपमाही थोडी जुनी केली. ग्राही हे लोखंडी कुलूप नसून वाऱ्याने हलणारे दार आहे. औषध त्याला एका बाजूला झुकवते.

दार स्थिर नसते

सारखी थाप पडत राहिली तर पेशी दार बधिर करते. अ‍ॅरेस्टिन नावाचे प्रथिन ग्राहीला आतून टेकते, निरोप थांबतो, काही ग्राही आत ओढून घेतले जातात. पंप वारंवार ओढणाऱ्याला तो कमी लागू पडतो, त्यामागे हेही एक कारण असते. मोठे कारण असे, की पंप नळी सैल करतो, पण आतली सूज तशीच राहते. म्हणून २०१९ साली दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी केवळ साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळणे योग्य नाही, सूज उतरवणारे श्वासातून घ्यायचे स्टेरॉइडही हवे, असे स्पष्ट केले. आपल्याकडे मात्र अजून अनेकांच्या खिशात फक्त पंपच असतो.

उलटही होते. दार बराच काळ झाकले की पेशी जास्त दारे बसवते. म्हणून बीटा अडवणारी गोळी मनाने एकदम बंद करू नये. उघडी पडलेली सगळी दारे एकदम वाजतात आणि हृदयावर संकट येऊ शकते. माझा लेख वाचून कोणी गोळी टाकून देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट दुकानाच्या वहीने शिकवली. बीटा अडवणाऱ्या बहुतेक औषधांच्या मूळ नावाच्या शेवटी 'ओलॉल' येते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या टिमोलॉलच्या थेंबांनाही ते आहे. थेंब डोळ्यातला असला तरी अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तेथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याला दम लावू शकतो. डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचे सांगायचे असते, हे किती जणांना सुचेल?

अण्णा त्यानंतर बारा वर्षे जगले. मी त्यांना ग्राही समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी मास्तरांच्या सवयीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे औषधाला रोग कळत नाही, पत्ता तेवढा कळतो." मी एवढी पाने खर्च करून जे सांगितले, ते त्यांनी एका ओळीत आटोपले. रोगाचे नाव डॉक्टरांच्या कागदावर असते. रक्तात उतरलेला रेणू तो कागद वाचत नाही. त्याला बसेल अशी जागा जेथे जेथे असेल, तेथे तेथे तो बसतो.

त्या दिवशी त्यांनी शाळेच्या जुन्या वहीचे एक पान फाडले, वर ठळक अक्षरात 'मला दमा आहे' असे लिहिले, खाली चालू असलेली सगळी औषधे लिहिली आणि घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. पुढे दाताच्या डॉक्टरांकडे गेले तरी आधी ते पान काढून समोर ठेवायचे. ते पान माझ्याकडे आहे. अक्षर थोडे थरथरते आहे, पण वाचता येते.